कार्ड ग्रेडिंगला पाठवण्याआधी ‘नऊ’ धरून हिशेब करा

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी बुटाचा खोका काखेत मारून येतं. खोक्यात मुलाची बेसबॉल-बास्केटबॉलची कार्डं आणि तोंडी एकच प्रश्न, ‘ही ग्रेडिंगला पाठवू का?’ न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हा छंद पोरांकडून हळूहळू बापांकडे सरकलाय. अडचण अशी, की निम्मी मंडळी पाठवून झाल्यावर विचारायला येतात. काही महिन्यांनी कार्डं जाड प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन परत येतात, लेबलांवर ८ आणि ९ दिसतात आणि क्रेडिट कार्डाच्या बिलावर पाच-सहाशे डॉलर.

मीही यातून गेलोय. पहिल्या खेपेला २२ कार्डं पाठवली. दहा नंबर जेमतेम पाचांना मिळाला, एक कार्ड ‘आकार कमी’ म्हणून नंबराशिवाय परत आलं, आणि सगळं मांडून पाहिल्यावर कळलं की ती तशीच विकली असती तर खिशात जास्त उरले असते. कंपनीने तिचं काम केलं होतं. मीच आधी पाठवलं आणि मग हिशेब केला.

नव्यांसाठी शब्द तेवढे सांगतो. ग्रेडिंग कंपनी कार्ड खरं आहे का ते बघते, स्थितीला १ ते १० मधला नंबर देते आणि लेबलासकट ते सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालते. त्या डब्याला ‘स्लॅब’ म्हणतात. न पाठवलेलं कार्ड म्हणजे ‘रॉ’. बाकीचं कामाच्या ओघात कळेल.

## पायरी १: पाठवायचं कशासाठी, ते आधी ठरवा

कारणं तीनच असतात. विकून नफा काढायचा आहे, कार्ड खरं असल्याचा दाखला हवा आहे, किंवा आपल्या आवडत्या खेळाडूचं कार्ड नीट जपून भिंतीवर मांडायचं आहे. तिसरं कारण असेल तर पुढचा हिशेब सोडून द्या. तो हौसेचा खर्च आहे, आणि हौसेला मोल नसतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

दाखल्याचं कारण लोक कमी लेखतात. फ्लीअर या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं ५७ नंबरचं कार्ड घ्या. त्याच्या नकला बाजारात इतक्या आहेत की रॉ कार्ड अनोळखी माणसाकडून घ्यायला कुणी सहजी धजत नाही. असं कार्ड कोपरे झिजलेलं असलं, नंबर ४ किंवा ५ येणार असला, तरी पाठवण्यात अर्थ आहे. तिथे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ‘हे खरं आहे’ एवढ्यासाठी. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातल्या बेसबॉलपटू मिकी मँटलचीही तीच गोष्ट. १ नंबराचा मँटलसुद्धा लोक रांग लावून घेतात.

याच्या उलट टोकाला साधारण १९८७ ते १९९३ मधली कार्डं. ती इतकी छापली गेली की अमेरिकेत त्या काळाला ‘जंक वॅक्स’ असंच नाव पडलंय. त्यांतलं साधं कार्ड खोटं असेल अशी शंका कुणाला येत नाही, आणि चांगल्या स्थितीतलीही ढिगाने मिळतात. मोजकी नावाजलेली रूकी कार्डं, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या हंगामातली, सोडली, तर तो खोका तसाच माळ्यावर जाऊ द्या.

तपासा: कार्ड हातात धरून स्वतःला विचारा, ‘घेणाऱ्याला इथे नेमकी कसली शंका आहे?’ शंकाच नसेल तर ती मिटवायला पंचवीस डॉलर कशाला घालवायचे?

## पायरी २: मागितलेला नव्हे, विकला गेलेला भाव काढा

ईबेवर कार्डाचं नाव टाकलं की समोर येतात त्या लोकांनी मागितलेल्या किमती. मागायला काय, कुणी काहीही मागेल. डावीकडच्या गाळणीत ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करा, मग खरे सौदे दिसतील. जिथे घासाघीस करून सौदा झाला तिथे ईबे ठरलेली किंमत दाखवत नाही. ती ‘१३० पॉइंट’ या साइटवर बघता येते.

प्रत्येक कार्डासाठी चार भाव लिहा: रॉ, ८, ९ आणि १०. प्रत्येकाचे शेवटचे पाच-सहा सौदे घ्या, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. वहीत लिहा. डोक्यात ठेवलेले भाव नेहमी वर सरकतात, हा माझा अनुभव.

इथली सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वेगळ्याच कार्डाचा भाव लावणं. २०१८-१९ च्या पॅनिनी प्रिझम संचात लुका डॉन्चिचचं २८० नंबरचं कार्ड आहे. त्याचीच ‘सिल्व्हर’ आवृत्ती आहे, शिवाय कितीतरी रंगांच्या आणखी आवृत्त्या. चेहरा तोच, फोटो तोच, भावात कित्येक पटींचा फरक. दिव्याखाली तिरकं धरल्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते का, मागे ‘प्रिझम’ असा वेगळा शब्द छापलाय का, हे बघून मगच भाव लावा.

भावाची दिशाही बघा. जॉर्डनचं तेच फ्लीअर कार्ड, पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० नंबराचं, २०२१ च्या सुरुवातीला ७,३८,००० डॉलरला गेलं. वर्ष-दीड वर्षात त्याच नंबराचं कार्ड दोन लाखांच्या आसपास आलं. नंबर तसूभर हलला नव्हता, बाजार हलला होता. तुमचं कार्ड कंपनीत पडून असेल त्या महिन्यांत खेळाडूचा गुडघा दुखावू शकतो, हंगाम संपू शकतो. गेल्या तीन महिन्यांत भाव उतरताच असेल तर आजचा भाव धरू नका, आणखी खाली धरा.

मग पॉप रिपोर्ट उघडा. कोणत्या नंबराची किती कार्डं आजवर निघाली याचा हा तक्ता कंपन्या स्वतःच्या साइटवर देतात. १० नंबराची हजारो पडली असतील आणि दर महिन्याला भर पडत असेल, तर तुमच्या दहाला फारसं कुणी विचारणार नाही.

सावधान: तक्त्यात ‘शंभरातली साठ दहा नंबराची’ दिसली म्हणून तुमच्याही शंभरातली साठ येतील असं नाही. तिथे पोचलेली कार्डं लोकांनी आधीच निवडून, पारखून पाठवलेली असतात. तुमच्या खोक्यातली अजून कुणी निवडलेली नाहीत.

## पायरी ३: कार्ड स्वतः तपासा

फराळाचं ताट आधी उचला. चकलीच्या हातांनी कार्ड धरलेलं मी पाहिलंय, आणि तेलाचा तो अर्धचंद्र पुढे काही केल्या निघाला नाही.

लागेल ते असं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, एकच दिवा, काळं मऊ कापड, मायक्रोफायबरचा कोरडा तुकडा आणि सेंटरिंग मोजायची पारदर्शक पट्टी. पट्टी नसेल तर मिलिमीटरची साधी पट्टीही चालते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे टाळा, त्यांचा धागा कोपऱ्याला अडकतो.

क) सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते. हे पहिलं, कारण दहा सेकंदांत निम्मी कार्डं बाद होतात. डावी-उजवी किनार मोजा, मग वरची-खालची. समजा डावीकडे १.६ मिलिमीटर आणि उजवीकडे २.४. बेरीज ४, म्हणजे डावीकडे ४० टक्के आणि उजवीकडे ६०. हेच ६०/४०. पीएसएच्या दहासाठी पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ लागतं आणि मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत चालतं. पूर्वी पुढे ६०/४० पर्यंत सूट असायची, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून मोजत असाल तर थांबा. हे ६०/४० चं कार्ड कितीही कोरं करकरीत असलं तरी त्याला नऊच समजा. किनार नसलेल्या कार्डावर नावाची पट्टी, संघाचं चिन्ह अशा गोष्टींचं काठापासूनचं अंतर बघा.

ख) कोपरे. कार्ड काळ्या कापडावर ठेवा आणि चारही कोपरे भिंगाखाली घ्या, पुढून आणि मागून. पांढरा ठिपका म्हणजे रंग उडून आतला कागद दिसतोय. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, ग्रेडरला दिसतो.

ग) कडा. रंगीत किनारीच्या कार्डांवर मागच्या बाजूला कडांचे टवके उडालेले असतात. १९७१ च्या टॉप्सच्या काळ्या किनारी त्यासाठी बदनाम आहेत. ते वर्ष असेल तर आशा कमीच ठेवा.

घ) पृष्ठभाग. इथे घाई कराल तर पैसे जातील. खोलीतले बाकी दिवे बंद करा, एकच दिवा बाजूने ठेवा आणि कार्ड काठांनी धरून सावकाश तिरकं फिरवा, जसं आजी तांदळाचं सूप तिरकं करून खडे बघायची तसं. प्रकाशाची पट्टी कार्डावरून सरकत जाते. ती ज्या ठिकाणी अडखळते तिथे थांबा.

गेल्या वर्षी एका मित्राच्या मुलाचं टॉप्स क्रोमचं, म्हणजे आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाचं, कार्ड आम्ही असं बघत होतो. सेंटरिंग सुंदर, कोपरे सुईसारखे, कडा स्वच्छ. मुलाने मनात दहा देऊनही टाकले होते. दिव्याची पट्टी खेळाडूच्या खांद्यावरून पुढे गेली आणि बॅटच्या टोकाशी बारीकशी मोडली. टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. कार्ड सरळ धरलं की गायब, तिरकं केलं की पुन्हा हजर. शेजारी वरपासून खालपर्यंत गेलेली एक केसाएवढी रेघ, छापखान्यातलीच. क्रोम कार्डांवर अशा रेघा फार असतात, आणि ‘हे तर कारखान्यातूनच असं आलंय’ या सबबीला ग्रेडिंगमध्ये माफी नाही. पाकीट फोडल्या फोडल्या कार्ड दहाचंच असतं, हा समज तिथल्या तिथे सोडून द्या.

मागची बाजू विसरू नका. जुन्या पाकिटांत मेणाचा डाग मागेच बसतो.

च) आकार. नेहमीचं अमेरिकन कार्ड ६३.५ × ८८.९ मिलिमीटरचं असतं. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं त्याहून मोठी आहेत, त्यांना हे माप लावू नका. मोजण्यापेक्षा सोपी युक्ती सांगतो. त्याच संचातली दोन फालतू कार्डं घ्या, आपलं कार्ड मध्ये ठेवा, गठ्ठा टेबलावर अलगद उभा करा आणि वरून कडा बघा. आपलं कार्ड खाली बसलेलं दिसलं तर ते कारखान्यात लहान कापलं गेलंय किंवा नंतर कुणीतरी कात्री चालवलीय. दोन्ही प्रकारांत नंबर मिळणं कठीण. माझ्या २२ पैकी परत आलेलं कार्ड या युक्तीने मिनिटभरात पकडलं असतं.

सावधान: धूळ आणि ताजा ठसा कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच टिपा, बस. पाणी, पॉलिश, खोडरबर, इस्त्री, पुस्तकाखाली दाबणं, कड जराशी घासून सरळ करणं, यांतलं काहीही करू नका. पकडलं गेलं तर नंबराऐवजी ‘बदल केलेलं’ असा शिक्का बसतो. न पकडलं गेल्याचाही एक नामी दाखला आहे. पीएसएने पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र दिलं ते टी-२०६ या जुन्या संचातल्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाला, नंबर ८. ते विकणाऱ्या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की त्याने कडा कापल्या होत्या. विकत घेतानाही स्लॅबमधलं कार्ड बघा, नुसतं लेबल नको.

तपासून झालं की मनात येईल तो नंबर लिहा आणि त्यातून एक वजा करा. आपल्या कार्डावर आपला जीव असतो, ग्रेडरचा नसतो.

## पायरी ४: आता ‘नऊ’चा हिशेब

आकडे उदाहरणादाखल घेतो, पण नव्या कार्डांत असं चित्र नेहमी दिसतं. रॉ ४० डॉलर, ८ नंबराला ३०, ९ ला ४५, १० ला १२०. दहाचा भाव रॉच्या तिप्पट, म्हणजे पाठवायलाच हवं असं वाटतं ना?

खर्च धरू. ग्रेडिंग फी २५ डॉलर. जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा यांचा कार्डामागे वाटा ५. ईबेची कापणी सुमारे १३ टक्के.

- रॉ विकलं: हातात ३४.८०
- १० आला: १०४.४० मधून ३० वजा, उरले ७४.४०
- ९ आला: ३९.१५ मधून ३० वजा, उरले ९.१५
- ८ आला: २६.१० मधून ३० वजा, म्हणजे ३.९० पदरचे गेले

आता अशी दहा कार्डं पाठवली आणि नशीब बरं निघालं: चार दहा, पाच नऊ, एक आठ. एकूण हातात ३३९.४५ डॉलर. तीच दहा कार्डं रॉ विकली असती तर ३४८. दहापैकी चार दहा येऊन, महिनोन्महिने वाट पाहून, साडेआठ डॉलरचा तोटा.

म्हणून माझा नियम एकच. ९ आला असं धरून हिशेब करा. ९ वर रॉ विकण्याशी बरोबरी होत असेल किंवा किरकोळ तोटा असेल, तर पाठवा. १० आला तर तो वरचा फायदा. ९ वर मोठा खड्डा पडत असेल, तर तुम्ही दहावर जुगार खेळताय. खेळायचा असेल तर खुशाल खेळा, पण पायरी ३ मध्ये कार्ड शंकेला जागा न ठेवता पास झालं असेल तरच.

जुन्या कार्डांना हा नियम तसाच लावू नका. १९६०-७० च्या दशकांतल्या कार्डांत १० जवळजवळ नसतोच. तिथे ‘५ किंवा ६ आला तर काय’ असं विचारा, आणि बऱ्याचदा उत्तर ‘पाठवा’ असंच येतं.

तपासा: वहीत प्रत्येक कार्डापुढे तीन आकडे हवेत: रॉ विकून हातात येणारे, ९ वर येणारे, १० वर येणारे. तिसराच आकडा बघून निर्णय घेतला असेल तर मागे फिरा.

## पायरी ५: कंपनी निवडा

यात फार खल नको. विकायचंच असेल तर बहुतेक नव्या कार्डांना पीएसएच्या स्लॅबला भाव जास्त मिळतो. ९ आणि १० मधली दरीही तिथेच सगळ्यांत खोल आहे, हे विसरू नका. बेकेट सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगवेगळे चार नंबर देते. चारही १० आले तर मिळणारं काळं लेबल फार दुर्मीळ, आणि त्याचा भावही तसाच. जुन्या कार्डांच्या लोकांत एसजीसीचा काळ्या चौकटीचा स्लॅब आवडता आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलेला १९५२ चा मँटल एसजीसीच्याच ९.५ नंबराचा होता. एसजीसी २०२४ पासून पीएसएच्याच मालकांकडे आहे. सीजीसी हाही पर्याय आहे, विशेषतः घरी पोकेमॉनचीही कार्डं असतील तर.

निवडण्याआधी पायरी २ मधले भाव त्या-त्या कंपनीच्या स्लॅबचे काढा. पीएसएचा भाव बघून दुसरीकडे पाठवणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

कार्ड परत देण्याच्या मुदतीचे दिवस कंपनी ते दारात पोचल्यापासून मोजत नाही, नोंद झाल्यापासून मोजते, आणि तेही कामाचे दिवस. गर्दीत त्याआधीच काही आठवडे जाऊ शकतात. २०२१ च्या मार्चमध्ये तर कार्डांचा असा पूर आला की पीएसएने बहुतेक सेवा बंदच ठेवल्या होत्या. हंगामावर डोळा ठेवून पाठवत असाल तर दुप्पट वेळ धरा.

सावधान: दुकानदार किंवा ओळखीचा माणूस सगळ्यांची कार्डं एकत्र पाठवतो, त्यात फी कमी पडते. माझी काही कार्डं अशाच एका दुकानात सात महिने अडकली, कारण त्याची पेटी भरेपर्यंत तो थांबला होता. आधी लेखी पावती घ्या आणि तीन प्रश्न विचारा: पेटी कधी निघणार, वाटेत हरवली तर विमा कुणाचा, आणि फी वाढली तर ती कोण भरणार.

## पायरी ६: फॉर्म आणि पॅकिंग, याच क्रमाने

१. प्रत्येक कार्डाचे पुढून आणि मागून फोटो काढा. एक फोटो तिरक्या प्रकाशातला. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

२. ऑनलाइन फॉर्म भरा. वर्ष, संच, नंबर, आवृत्ती. ‘जाहीर किंमत’ या रकान्यात ग्रेड झाल्यावर अंदाजे काय भाव येईल ते लिहा. फी वाचवायला मुद्दाम कमी लिहिली तर विमाही तेवढाच मिळतो, आणि नंबर चांगला येऊन किंमत त्या सेवेच्या मर्यादेबाहेर गेली तर कंपनी वरच्या सेवेची फी लावते. हे जाहीर नियमांत असतं, कुणी वाचत नाही.

३. कार्ड मऊ पारदर्शक पिशवीत घाला, ज्याला पेनी स्लीव्ह म्हणतात. पिशवीचं तोंड दोन बोटांनी उघडून धरा, कार्ड आत सरकू द्या. बहुतेक कोपरे इथेच मरतात, शेवटच्या पाच मिनिटांत, स्वतःच्या हाताने.

४. मग अर्धकडक होल्डरमध्ये, कार्ड सेव्हर म्हणतात त्यात. कडक टॉपलोडर नको. त्यातून काढताना ग्रेडरच्या हातून इजा होऊ शकते. स्क्रूने आवळायचे जुने होल्डर तर मुळीच नकोत, ते कार्ड दाबून चपटं करतात. पिशवीला वर चिकट कागदाची छोटी शेपटी लावा, म्हणजे ओढून काढता येतं.

५. फॉर्मवर जो क्रम, तोच गठ्ठ्यात. वरचं कार्ड पहिलं. क्रम चुकला की नोंद लांबते.

६. गठ्ठा जरा मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रबर बँड लावा. घट्ट नको, हलणार नाही इतपत. मग बबल रॅप, मग खोका. खोका कानाशी धरून हलवा. खडखडला तर पुन्हा उघडा.

महागडं कार्ड असेल तर अमेरिकी टपालाच्या रजिस्टर्ड सेवेने पाठवा. वेळ लागतो, पण ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. तिथे खोक्याला चकचकीत प्लॅस्टिकची टेप चालत नाही, प्रत्येक सांध्यावर शिक्का उमटावा म्हणून तपकिरी कागदी टेपच लागते. मी पहिल्यांदा काउंटरवरून परत घरी येऊन सगळा खोका पुन्हा बांधला होता.

## पायरी ७: परत आल्यावर

नंबर आधी साइटवर दिसतात. ते बघून लगेच विक्रीला लावू नका, स्लॅब हातात येऊ द्या. मग लेबल अक्षर-अक्षर वाचा: वर्ष, संच, नंबर, आवृत्ती. ‘सिल्व्हर’ राहून गेलं असेल तर तो थेट पैशाचा तोटा, आणि चूक त्यांची असेल तर कंपनी दुरुस्त करून देते. प्रमाणपत्राचा क्रमांक साइटवर टाकून बघा. स्लॅबला तडा किंवा आत कार्ड हलतंय का तेही पहिल्याच दिवशी.

नऊ आला म्हणून रागाच्या भरात स्लॅब फोडून पुन्हा पाठवणारे खूप. दुसऱ्यांदा आठही येऊ शकतो, आणि फी पुन्हा पूर्ण. पायरी ३ मधली तपासणी स्लॅबमधूनच पुन्हा करा. काहीच दोष सापडत नसेल तरच विचार करा, आणि माझा अनुभव सांगायचा तर दोष सापडतोच.

नव्या खेळाडूचं कार्ड विकायचं असेल तर हंगाम चालू असताना विका. बास्केटबॉलचं ऑगस्टमध्ये, बेसबॉलचं डिसेंबरमध्ये विकायला काढू नका.

## मुंबई-पुण्याहून क्रिकेट कार्डं पाठवणाऱ्यांसाठी

पायऱ्या त्याच, दोन गोष्टी वेगळ्या. एक, क्रिकेट कार्डांचा बाजार लहान आहे. पायरी २ मध्ये पाच सौदे मिळतच नसतील तर ९ आणि १० चे भाव म्हणजे निव्वळ अंदाज. कंपनी ते कार्ड आणि तो संच घेते का हे फॉर्म भरण्याआधी विचारा. पाकिटावर छापणाऱ्याचं नावही नसलेली बरीच कार्डं आपल्याकडे निघाली, ती परत येऊ शकतात. नुसत्या आवडीपोटी एखादं सचिनचं कार्ड पाठवत असाल तर ते पहिल्या पायरीतलं तिसरं कारण समजा.

दोन, वाटखर्च. परदेशी कुरिअर, विमा आणि परतीची कस्टमची कटकट धरली तर स्वस्त कार्ड पाठवण्यात काही हशील नाही. अमेरिकेला निघालेल्या मावशीच्या हातसामानात पाच-सहा कार्डं देणं सर्वांत सोयीचं, पण मावशीला ती पायरी ६ सारखी बांधूनच द्या, लोणच्याच्या बरणीशेजारी सुटी नकोत.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कार्डं वाकतात, क्रोमची तर जास्तच. स्लॅब हवाबंद नसतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि जूनमध्ये पुड्या बदला.

आणि लहानपणी वहीत डिंकाने चिकटवलेली बबलगमची कार्डं सापडली, तर ती वाफेने किंवा पाण्याने सोडवायला जाऊ नका. मागचा कागद निघून येतो आणि मग एक नंबरही धड मिळत नाही. वही तशीच राहू द्या.